तिसरं टेंडर

७ जानेवारी, मंगळवार

इस्पितळाच्या भिंतीवर कागद डकवलाय. धुलाईचं काम आता टेंडरने देणार! बारा वर्षं आम्ही धुतोय, आणि आता कागद सांगणार कोण धुणार ते.

कागद आमच्या गटातल्या धाकटीने वाचून दाखवला. ती बारावी झालीय, मी चौथी. छापील मला वाचता येतं, पण सरकारी छापील बघितलं की डोक्याला मुंग्या येतात. वाक्य सुरू होतं ते खाली सहीपाशीच थांबतं.

आम्ही आठजणी. गटाचं नाव एवढं लांब की शिक्क्यात शेवटचं अक्षर कापलं गेलंय. नगरपालिकेचं बाळंतपणाचं इस्पितळ, चाळीस खाटा. चादरी, गाऊन, बाळांची दुपटी — सगळं मागच्या शेडमध्ये आमच्याकडे येतं. रक्त आधी गार पाण्यात. गरम लागलं की डाग बसलाच. मग सोडा, मग उकळ, मग गच्चीवर ऊन. आणि वॉर्डात काम करणाऱ्या आयांचं न् आमचं एक ठरलेलं आहे — चादरीत सुई-पातं राहिलं असेल, नाहीतर बाईला काही लागण असेल, तर चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारायची. गाठीची चादर बाजूला. ती थोरलीच उघडणार, जाड हातमोजे घालून, सगळ्यात शेवटी. थोरली आमच्यात वयाने मोठी. बारा वर्षांत एकीला सुई लागली नाही.

हे टेंडरात कुठे लिहायचं? धाकटीला विचारलं. म्हणाली, "मावशी, असा रकानाच नाहीये."

थोरली म्हणाली, "भरू की मग. आपल्याएवढं कोण करणार?" सगळ्या हसल्या. मी पण.

९ जानेवारी, गुरुवार

आमच्या ह्यांना टेंडर म्हणजे काय ते सांगितलं. गुडघा गेल्यापासून हे घरीच, सगळ्यावर बोलायला वेळ भरपूर. म्हणाले, "नगरपालिकेत ठराव पास व्हायला हात वर करावे लागतात. आपल्या घरात तू नुसतं डोळे वटारलेस तरी पास!"

मेल्याला विनोद सुचतायत.

१६ जानेवारी, गुरुवार

गॉगलने बोलावलं. आमचा नगरसेवक. घरात, दारात, मयताला — कुठेही काळा चष्मा, म्हणून गॉगल. टेबलावर काच, काचेखाली त्याचेच फोटो. बसले तर त्याच्याच तोंडावर माझे हात! काढून मांडीवर ठेवले.

"ताई, स्पष्ट बोलू का?"

म्हटलं, "बोला. मला आडवळण कळत नाही."

"काम कंपनीला जाणार. वरून ठरलंय. पण नियम असा की तीन टेंडरं आल्याशिवाय पाकिटं उघडता येत नाहीत. एक कंपनीचं आहे, एक कंपनीच्या मालकाच्या साडूचं. तिसरं हवंय."

"मग आमचं आहे की."

"तेच तर! फक्त दर जरा चढा लावा."

मला कळायला वेळ लागला. मी म्हटलं, "म्हणजे हरायला भरायचं?"

"हरताय कुठे? कंपनी तुम्हा आठहीजणींना कामावर घेणार, मी शब्द देतो. आणि तुमचा अनुदानाचा अर्ज दोन वर्षं धूळ खातोय ना? मोठं मशीन आणि शेडला पत्रा? तो याच सभेत मंजूर करून घेतो. लॉजची, हॉटेलांची धुणी धरा त्यावर. नोकरी पण, मशीन पण. नाही म्हणालात तर कंपनी तुमच्याखाली दर लावेल. एक वर्ष तोट्यात काम करेल. तुम्ही किती दिवस कराल?"

चहा आला होता, तो तसाच ठेवून उठले. दारातून म्हणाला, "बायकांना एवढ्यात सांगू नका. बायका म्हणजे — तुम्हाला माहितीच आहे."

मी काय आहे मग?

१८ जानेवारी, शनिवार

केलं.

आठजणींना विचारायला बसलं तर आठ दिवस जातात. एक म्हणणार नवऱ्याला विचारते, एक रडणार. आमच्यातली एक इस्पितळाच्या मुकादमाची मेहुणी, तिला सांगितलं की मुकादमाला कळलंच, आणि मुकादमाला कळलं की सगळ्या इस्पितळाला. आणि थोरली नाहीच म्हणणार हे मला पक्कं ठाऊक. मग विचारायचं कशाला? सगळ्या एरवी म्हणतातच, "तू बघ गं, तुला कळतं." शिक्का माझ्याच पिशवीत असतो. बारा वर्षं.

गॉगलचा माणूस फॉर्म भरूनच घेऊन आला. दरसुद्धा त्यानेच लिहिला, आमच्या दराच्या दीडपट. मी सही केली, शिक्का मारला. दोन मिनिटं. पोरीचं लग्न ठरवायला मला दोन महिने लागले होते.

आल्यावर सांगितलं, "भरलं टेंडर." थोरलीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी म्हटलं, "पुरे अक्का, कामं पडलीत."

२७ जानेवारी, सोमवार

पाकिटं उघडली. मोठ्या साहेबांची खोली, तिघं टेबलापलीकडे, आम्ही अलीकडे. तीन कागद शेजारी-शेजारी ठेवले. मी उलटे बघत होते तरी दिसलं. तिन्ही कागदांवरचा पाचाचा आकडा एकसारखा, खाली लांब शेपूट, उंदराच्या शेपटीसारखं. एकाच हाताने तिन्ही लिहिलेत! अक्षराकडे माझं लक्ष जातं, कारण माझं स्वतःचं धड नाही.

साहेबांना दिसलं नसेल? चष्मा होता की डोळ्यावर. त्यांनी दर मोठ्याने वाचले, कंपनीचा सगळ्यात कमी. आमचा सगळ्यात जास्त. साडूने माझ्याकडे बघून मान हलवली — शाबास म्हटल्यासारखी.

३ फेब्रुवारी, सोमवार

सर्वसाधारण सभा. प्रेक्षकांच्या बाकावर मी, आणि एक झोपलेला म्हातारा.

विषय क्रमांक चौदा, धुलाईचा ठेका. वाचणाऱ्याने अर्धं वाचलं तोवर "मंजूर, मंजूर" झालंसुद्धा. एक बाई सदस्य विचारू लागली, "आधीच्या गटाचं काय?" तिला कुणीतरी म्हणालं, "त्यांचाच दर दीडपट आहे मॅडम! कागद बघा." बसली खाली. बारा वर्षांचं काम, मला मधे शिंक आली असती तर कधी गेलं ते ऐकूही आलं नसतं.

विषय क्रमांक एकवीस, आमचं अनुदान. "पुढील सभेत घ्यावा." गॉगलकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. काळ्या चष्म्यातून छत काय दिसतं कोण जाणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शेडमध्ये सांगितलं. काम गेलं. कोणी ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. उंच म्हणजे आमच्यातली तोंडाळ, तीसुद्धा नुसती चादरीच्या घड्या घालत राहिली. धाकटी म्हणाली, "आपण दर किती भरला होता मावशी?" मी म्हटलं, "नेहमीचाच." खोटं! सरळ तोंडावर.

थोरलीने माझी पाठ चोळली. "तू भांडलीस ना आमच्यासाठी? बास. नशीब काय तुझ्या हातात आहे?"

नशीब नव्हतं अक्का, शिक्का होता. हे तिथे म्हणता आलं असतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "सोड्याचं पोतं झाकून ठेवा."

१० फेब्रुवारी, सोमवार

कंपनीने तिघी घेतल्या. धाकटी, उंच, मुकादमाची मेहुणी. बाकी पाचजणींचं म्हणे वय बसत नाही. गॉगलला फोन केला.

"ताई, मी बोलतो त्यांच्याशी."

"कधी?"

"बोलतो म्हटलं ना!"

थोरली आता एका बिल्डिंगचे जिने पुसते. पाच मजले. तिचा एक गुडघा ह्यांच्यासारखाच आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी उठून शेडच्या वाटेला लागले. अर्ध्यात आठवलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांनी मुद्दाम बोलावलं. कपाट उघडून दाखवलं. चादरी धुऊन घड्या करून आलेल्या — राखेच्या रंगाच्या, ओलसर, वास मारणाऱ्या. वॉर्डातल्या दोन बाळांच्या अंगावर पुरळ उठलंय. आणि गाठी! गाठी तशाच! आया सवयीने गाठ मारतात, कंपनी सगळं एकत्र मशीनमध्ये ढकलते. सिस्टरांनी चिमट्याने एक गाठ सोडवली. आत तपकिरी रक्त, वाळून कडक. धुतलेली चादर ही!

"मी तीनदा लिहून दिलंय वर," सिस्टर म्हणाल्या. "उत्तर येतं, ठेका कमी दरात गेल्यामुळे नगरपालिकेची बचत झाली आहे."

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही एवढा दर का हो लावलात? तुमचा नेहमीचा असता तर मी भांडले असते."

मी म्हटलं, "चूक झाली."

"कसली चूक?"

"आकड्याची."

३ मार्च, सोमवार

धाकटीला सुई लागली. तळहातात, अंगठ्याच्या खाली. गाठीच्या चादरीत होती. तिला गाठ दिसली होती, ती बाजूला ठेवायला गेली तर सुपरवायझर खेकसला — इथे निवडत बसायचं नाही, टाक आत. हातमोजे नव्हते. त्या खाटेवरची बाई कोण, तिला काय होतं, कुणालाच सांगता येत नाही. सगळं एका ढिगात आलेलं.

४ मार्च, मंगळवार

धाकटीकडे जाऊन आले. एक खोली, तिची आई पलंगावर, ती खाली. हात मांडीवर उलटा ठेवून बसली होती, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. रोज गोळ्या घ्यायच्या, महिनाभर. गोळ्यांनी उलट्या होतात. रक्त तपासलं, तीन महिन्यांनी परत तपासणार. तिचं लग्न ठरत आलं होतं, ते आता मुलाकडचे "नंतर बघू" म्हणतायत. कोणी सांगितलं त्यांना? मेहुणी असणार, दुसरं कोण.

"कंपनी औषधाचं बघतेय मावशी," म्हणाली. "पण कामावर लागलं असं लिहून द्यायचं नाही, अशी अट."

तिची आई म्हणाली, "तुम्ही होतात तेव्हा बरं होतं हो बाई."

ते ऐकून मी उठलेच. जिन्यात बसले जरा वेळ. खाली कोणीतरी सायकल लावत होतं, ते म्हणालं, "आजी, वाट द्या." आजी! एका महिन्यात आजी झाले.

६ मार्च, गुरुवार

अनुदान मंजूर!! दोन वर्षं हलला नाही तो अर्ज, आता सुईनंतर तीन दिवसांत हलला. गॉगल स्वतः पत्र घेऊन दारात, बरोबर फोटोवाला. "ताई, शब्द दिला होता की नाही?" मला पत्र धरायला लावून फोटो काढला. हे आतून म्हणाले, "हसू नकोस, कॅमेरा फुटेल." मी हसतच नव्हते.

जाताना गॉगल हळूच म्हणाला, "त्या पोरीला समजवा. कुठे अर्जबिर्ज करू नये तिने. तुमच्याच गटाला जड जाईल."

रात्रभर काय विचार करायचा, मी जेवायच्या आधीच ह्यांना सगळं सांगून टाकलं. फॉर्म, दर, शिक्का, सगळं. हे विनोद करतील वाटलं. नाही केला. म्हणाले, "सही तू केलीस, निस्तरायचं पण तूच. पण आधी त्यांना सांग. पुन्हा एकटीने काही करू नकोस."

७ मार्च, शुक्रवार

नगरपालिकेत आवक-जावकच्या कारकुनाला विचारलं. अर्ज घेऊन शिक्का मारणारा माणूस, बारा वर्षं ओळखतो मला. म्हटलं, एखाद्या गटाने लिहून दिलं, की आमचं टेंडर खोटं होतं, सांगून भरायला लावलं, तर?

त्याने पेन खाली ठेवलं. "तर चौकशी लागेल. तिन्ही टेंडरं शेजारी ठेवून अक्षर बघतील. ठेका रद्द होऊ शकतो. पण गट आधी काळ्या यादीत जाईल, अनुदान परत, आणि सही करणाऱ्यावर केस. ही मंडळी वकील लावतील. सही करणारी काय लावेल?" मग म्हणाला, "घरी जा बाई. तुम्ही काही विचारलं नाही, मी काही ऐकलं नाही."

९ मार्च, रविवार

सगळ्यांना माझ्याकडे बोलावलं. आठजणी एका खोलीत, ह्यांना बाहेर बसवलं. सगळ्यांना वाटलं मशीनचे पेढे आहेत. उंच तर नवी साडी नेसून आलेली.

मी उभी राहूनच सांगितलं. पहिल्यापासून. मधे कोणी बोलू नका म्हटलं, नाहीतर माझं राहील.

उंच पहिली बोलली. "म्हणजे आम्ही हरलो नव्हतो. तू विकलंस!"

"हो."

"आणि वर आमच्याकडून पाठ चोळून घेतलीस?"

"हो."

थोरली माझ्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मी म्हटलं, अक्का, शिव्या दे. ती म्हणाली, "विचारलं असतंस तर नाही म्हटलं असतं मी. म्हणून नाही विचारलंस. एवढी ओळखतेस ना मला? मग झालं की."

याच्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

मी म्हटलं, मला लिहून द्यायचंय नगरपालिकेला. गट बुडेल, मशीन जाईल, माझ्यावर केस होईल. पण त्या गाठी मशीनमध्ये जायच्या थांबतील. या वेळी तुम्ही ठरवा. हात वर करा.

मेहुणी पुढ्यातच बसलेली, एकेकीच्या तोंडाकडे बघत, मोजून न्यायला आल्यासारखी. म्हणाली, "मशीन आलंय दारात आणि ही म्हणते परत करा! स्वतःचं पाप धुवायला आम्हाला कशाला भिजवतेस?" अर्ज करू नये म्हणणाऱ्या, हात वर. मेहुणीचा पहिला. उंचेचा. मग बाकी तिघींचे, एकामागून एक. त्यांच्या घरी काय आहे ते मला ठाऊक आहे, बोलायला तोंड नाही. आणि मग धाकटीचा. पट्टी बांधलेला हात! तोच वर केला तिने, दुसरा करू शकली असती.

थोरलीने केलाच नाही. ना इकडे ना तिकडे. गुडघा धरून उठली आणि गेली.

सहा विरुद्ध एक. शिक्का माझ्याकडून काढून घेतला. तो आता मेहुणीच्या पिशवीत.

१० मार्च, सोमवार

चहा आठजणींचा केला होता काल. कोणी घेतला नव्हता. भांडं आज घासलं.

१३ मार्च, गुरुवार

गटाच्या नावाने मी लिहू शकत नाही. माझ्या नावाने लिहू शकते. ह्यांना विचारलं, हे पुन्हा एकटीनेच करणं झालं का? म्हणाले, "या वेळी आधी सांगितलंस ना त्यांना. त्या नाही म्हणाल्या. आता तुझी सही तुझी."

धाकटीकडून लिहून घ्यायची सवय. कुणाला विचारणार? स्वतःच लिहितेय. चार ओळींना दोन दिवस. "मी खाली सही करणारी" — इथपर्यंत चांगलं आलंय. पुढे मी काय केलं ते लिहायचं म्हटलं की पेन अडतं. ह्यांनी वाचून पाहिलं, म्हणाले, "शुद्धलेखनाची केस वेगळी लागेल तुझ्यावर." मग डोळे पुसायला तोंड फिरवलं.

थोरली रस्त्यात दिसली, बादली घेऊन. मी हाक मारली नाही. तिनेही नाही.

१७ मार्च, सोमवार

अर्ज घेऊन खिडकीपाशी गेले. कारकुनाने पहिली ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं, आणि ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला.

"याच विषयाचा अर्ज शुक्रवारी आलाय बाई. तुमच्याविरुद्ध आहे."

काचेला लावून दाखवला. "तुमचं नाव पहिल्याच ओळीत," म्हणाला. मी त्यांना न विचारता खोटा दर भरला, तो कुणी सांगितला, का सांगितला, सुई कशी लागली — सगळं. एक शब्द जास्तीचा नाही, एक कमी नाही. अक्षर धाकटीचं, पट्टी बांधलेल्या हाताने लिहिल्यासारखं वाकडं. म्हणजे रविवारी तो हात वर झाला तो मेहुणीला दाखवायला! खाली तिची सही, तशीच वाकडी. शेजारी थोरलीचा अंगठा.

कारकून म्हणाला, "तुमचा मागे घेता का मग?"

मी म्हटलं, "शिक्का मारा. आणि त्यांच्या कागदाला टाचून ठेवा."